लेंड्यांची वही

पावणेदोन वाजलेत.
क्नेडलीक कपाटामागे मुटकुळं करून बसलाय,
दात करकरवतोय.
शेपूची काडी नाकाशी धरली तर तोंड फिरवलं.
मी गुडघे मोडून जमिनीवर उतरतो,
कान त्याच्या कुशीला लावतो.
एकतीस वर्षं लाकूडगिरणीत काढली मी.
रविवारची गिरणी कशी गप्प असते, ठाऊक आहे मला.
हे पोट तसं गप्प आहे.

वर्षातली ही चौथी खेप.

अपोलेना शिकायला ब्रनोला गेली
आणि मागे ठेवून गेली हा ससा
आणि एक अर्धी कोरी गणिताची वही.
तीत मी लिहितो:
बारा ऑक्टोबर. लेंड्या बारीक, केसात ओवलेल्या, माळेसारख्या.
तीन डिसेंबर. शून्य. डॉक्टर.
नऊ डिसेंबर. दोनशे चौदा! मोठ्या, गोल, वाळल्या गवताच्या रंगाच्या.
ड्राहोमिरा चष्म्यावरून बघते.
म्हणते, व्लास्तिमिल,
माझं ब्लडप्रेशर कधी मांडलंस का असं?

यिहलावापर्यंत चाळीस मिनिटं, बर्फ असला की तास.
डॉक्टर श्पाचकोव्हांनी दात तपासले, फोटो काढला.
अडकलेलं काही नाही, म्हणाल्या, नुसता वायू,
आतडं थांबलंय.
आधी दुखणं शमवा, मग भरवा, उलटं करू नका.
बारा तास वाट बघत बसू नका.
आणि गवत. गवत. गवत.
आणखी काय देता त्याला?
काही नाही, मी म्हणालो.

भित्र्या माणसाला सशाचं काळीज म्हणतात.
सशाच्या आतड्याबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.
ते चालत राहिलं पाहिजे, एवढंच.

टॉवेलात गुंडाळतो. दुखण्याचं औषध आधी.
मग भुकटीची पेज, कोमट,
सुई काढलेल्या सिरिंजमधून, दातांच्या बाजूच्या फटीतून,
थेंब थेंब. अर्धी त्याला, अर्धी माझ्या बाहीला.
गिळ रे. गिळ, राजा.
हे शब्द मी या प्राण्याशी बोलेन असं
माझ्या बापाला कुणी सांगितलं असतं,
तर तो हसून खोकला असता.

आमच्या परड्यात चाळीस पिंजरे होते.
आठवा महिना लागला की रविवार यायचा,
सायीचा रस्सा, आणि शेजारी क्नेडलीक,
वाफवलेल्या पिठाचा, जाड कापांचा.
सात वर्षांच्या अपोलेनानं सशाला तेच नाव ठेवलं.
गोल आहे ना, म्हणाली.
जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत राहिलो.
त्यानंतर मी सुरी धारेला दिली नाही.

बाप सशांना वाळका पाव घालायचा.
गावातले सगळेच घालायचे.
कुरकुर वाजायचं, ऐकायला बरं वाटायचं,
आणि कधी कुणाचं पोट बिघडलं नाही.
बिघडायला वेळच कुठे होता.
म्हातारा ससा आम्ही पाहिलाच नव्हता.

क्नेडलीक आता नऊ वर्षांचा आहे.

सव्वातीनला पोट चोळतो, गोल गोल, हलक्या हातानं.
गरम पाण्याची बाटली कुशीला.
मग कोट घालतो, शेडमधून सुकं गवत आणायला,
आणि खिशात हात जातो.

तुकडे.
ऑक्टोबरपासूनचे.
रोज संध्याकाळी एक. एवढासा तर तुकडा.
तो दोन पायांवर उभा राहायचा त्यासाठी,
आणि ड्राहोमिरा भांडी घासत असायची.
वहीत हे कुठेच नाही.

मी तिथेच, शेडच्या दारात उभा राहून,
एकामागून एक सगळे तुकडे खाल्ले.
दाताखाली दगडासारखे. घसा सोलवटला.

पावणेपाच.
कपाटामागून काही घरंगळल्याचा आवाज.
टॉर्च मारली.
एकच, वाकडी, ओलसर.
पेन्सिल घेतली, लिहिलं: एक.
मग वही मागे उलटत ऑक्टोबरपर्यंत गेलो
आणि प्रत्येक तारखेपुढे, बारीक अक्षरात,
पाव, असं लिहीत आलो.

सकाळी डॉक्टरांना फोन करायचा आहे.
आधी अपोलेनाला, की आधी त्यांना,
ते ठरत नाहीये.